काठ नसलेलं पाणी

पाण्याकाठी चित्र काढत बसलेल्या बाईला माणसं दोनच प्रश्न विचारतात. एक, "कुठल्या तुम्ही?" आणि दुसरा, "हे असं पुसट का आलंय?" भोरच्या पुढे धरणाचं पाणी जिथे डोंगराच्या पायाशी पसरलेलं असतं तिथे मी बरीच वर्षं हिवाळ्यातल्या सकाळी ईझल मांडून बसत आले. म्हशी धुवायला आलेल्यांनी विचारलं, गळ टाकून बसलेल्यांनी विचारलं, पुण्याहून ड्रोन उडवायला आलेल्या पोरांनीही विचारलं. एका मावशींनी तर डोक्यावरचा भारा खाली न ठेवताच सल्ला दिला, "मोबाईलवर फोटू काढा की बाई, झटक्यात येतंय."

सुरुवातीला मी समजावून सांगायची. सांगायची की पाण्याला रेघ नसते. डोंगराचं प्रतिबिंब डोंगरापेक्षा थोडं गडद असतं, थोडं हिरवट असतं, आणि वाऱ्याची झुळूक आली की त्याचे तुकडे होतात. ते तुकडे काढायचे नसतात, नुसते रंग शेजारी शेजारी ठेवायचे असतात, पिवळ्याजवळ जांभळा, आणि मग हात आवरायचा. लांबून बघणाऱ्याचा डोळा ते जुळवून घेतो. काळा रंग तर मी डब्यातच ठेवत नाही. पुस्तकात ह्याला दृक्प्रत्ययवादी शैली म्हणतात. हा शब्द उच्चारला की समोरचा म्हशीकडे बघायला लागतो. मग मी सांगणं सोडलं. गाढवापुढे वाचली गीता, असं मनात म्हणायचं आणि ब्रश पुसायचा. गाढव नक्की कोण होतं, ते मला पुढे कळलं.

त्या उजेडाचं आयुष्य फार थोडं. सूर्य मागच्या टेकडीवर आला की आधी समोरच्या काठाचं गवत पेटतं, मग उजेड घसरत पाण्यात येतो, धुकं त्याच्यातून वर जायला लागतं, आणि एवढ्यात संपतं. त्यानंतर सगळं पांढरं. पांढऱ्या उजेडात बसून रंगवण्यासारखं काही राहत नाही. सामान आवरायचं, स्कूटरला किक मारायची आणि शाळेत जायचं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तोच कॅनव्हास घेऊन परत.

शाळेत मी चित्रकलेच्या बाई. तासिका तत्त्वावर. म्हणजे पाहुणे येणार असले की फळ्यावर 'सुस्वागतम्' लिहायचं, स्नेहसंमेलनाला पुठ्ठ्याचा किल्ला करायचा, आणि कुणी सेवानिवृत्त झालं की त्यांचं चित्र काढून द्यायचं. गणिताच्या बाई आल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी माझा तास गणिताला. मी आले नाही तरी माझा तास गणिताला. ह्याच्यावर मी पूर्वी भांडायची.

तर मला चित्रकार म्हणणारं तसं कुणी नव्हतं. पुण्यात शिकत असताना एक-दोन सर म्हणायचे, "हात चांगला आहे." पण मला त्यांच्याकडून ते ऐकायचं नव्हतंच. मला ऐकायचं होतं आमच्या आबांकडून.

आबा म्हणजे माझे वडील. ते पेंटर. चित्रकार नव्हे, पेंटर. भोरमधल्या जुन्या दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या पाठी, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, देवळाची दारं, विहाराची कमान, वेल्ह्याच्या बाजारातल्या अर्ध्या पाट्या, सगळं त्यांच्या हातचं. पत्र्याची पेटी घेऊन एसटीने जायचे आणि शेवटच्या गाडीने अंगभर रंग घेऊन परत यायचे. त्यांचा धर्म एकच होता, रेघ. "रेघ न्हाई तितं चित्र न्हाई," असं ते म्हणायचे. खडू लावलेली दोरी ताणून धरायला मला बसवायचे. टिचकी मारली की पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उमटायची. माझ्याकडचं टोक हललं की पाठीत धपाटा. माझ्या हातचं अक्षर वळणदार झालं ते त्या धपाट्यांनी.

मग फ्लेक्स आला. ज्या पाटीला आबांना चार दिवस लागायचे ती तालुक्याच्या दुकानातून दुपारपर्यंत छापून यायला लागली, वर मालकाच्या फोटोसकट. आबांनी पेटी माळ्यावर टाकली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. पण रेघेचा अभिमान काही माळ्यावर गेला नाही. पुण्याहून मी पहिलं निसर्गचित्र घरी आणलं तेव्हा त्यांनी ते उजेडाला धरलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "हे काय सांडलंय?" मी त्या दिवशी जेवले नाही. आई म्हणाली, "अगं, ते तसेच आहेत, तुला काय आज कळलं का?" आईचं हे नेहमीचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला.

आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच राहिलो. भाऊ शिरवळकडे कंपनीत, त्याचं बिऱ्हाड तिकडेच. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे सांगण्याजोगी नाहीत. आबा ओट्यावर बसून राहायचे आणि मी चित्रं काढून भिंतीला टेकवून ठेवायची. ते बघायचे नाहीत आणि मी दाखवायची नाही. बरीच वर्षं आमचं हे असंच चाललं होतं.

एका हिवाळ्यात मी सकाळी पाण्यावरून परत आले, ओला कॅनव्हास ओट्यावर भिंतीला उभा केला आणि आंघोळीला निघाले. आबा हातात चहाची पेली घेऊन येत होते. ते चित्रासमोर थांबले. मी दाराआडून बघत राहिले, कारण आता 'सांडलंय' ऐकायला मिळणार ही खात्रीच होती.

"हे धरणाचं पानी?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी पेली ओट्यावर टेकवली. मग म्हणाले, "व्हय. असंच दिसतं."

एवढंच. पण मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारत बसले, कारण मला रडू आवरेना. वाटलं, म्हातारा वितळला. आई गेली, पेटी गेली, रेघेची ऐट गेली आणि आता त्यांना पाणी दिसायला लागलं. सगळ्या तालुक्यात एका माणसाला माझं चित्र कळलं होतं, आणि ते माणूस माझ्याच ओट्यावर बसत होतं. मला आणखी काही नको होतं. हे सांगायला आज मला लाज वाटत नाही, तेव्हा खरंच नको होतं.

त्यानंतर ते माझ्याबरोबर यायला लागले. स्कूटरवर मागे बसायचे, मांडीवर रंगांची पिशवी. पाण्याजवळ एक करंजाचं झाड आहे, त्याच्याखाली पोतं अंथरून द्यायची. तिथे ते कानटोपी घालून बसायचे आणि बोलायचे. आणि काय बोलायचे! "त्या इजेच्या खांबाला बघ, उजेडाची झालर सुटलीया." "डोंगर कुटं संपला न पानी कुटं लागलं, काय कळंना." एकदा म्हणाले, "उनाचा चुरा पडलाय समदा पान्यावर." कॉलेजात जे मला पाच वर्षं व्याख्यानं देऊन सांगितलं होतं ते ह्या माणसाने पोत्यावर बसून एका वाक्यात सांगितलं होतं.

मी त्यांच्या बोलण्याप्रमाणे बघायला लागले. खांबाला झालर मला दिसत नव्हती, पण त्यांनी म्हटल्यावर मी ती काढली, फिकट केशरी, आणि चित्र एकदम जागं झालं. डोंगराची कड मी पुसून टाकली. पाण्याचा काठ मी काढायचाच सोडला. त्या दोन-तीन हिवाळ्यांत माझ्या हातून जी चित्रं झाली तशी त्याआधी झाली नव्हती, नंतरही नाहीत. प्रत्येक चित्र आधी आबांसमोर ठेवायची. ते डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "लई भारी. असंच दिसतं." गळ टाकणाऱ्यांनी काय विचारलं, शाळेत कोण हसलं, ह्याचं मला काही वाटेनासं झालं.

मग त्यांचा हात चुकायला लागला. चहा पेलीच्या बाहेर सांडायचा. भाजीत केस आलाय म्हणून ते कोथिंबीर काढायचे. बाजारात एका अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून त्यांनी त्याला खुशाली विचारली आणि तो माणूसही बिचारा सांगत बसला. मी म्हटलं, "आबा, डोळे दाखवू." तर म्हणाले, "दिसतंय मला." डोळ्यात टॉर्च मारल्यावर बाहुली दुधाळ दिसायची. मोतीबिंदू होता हे सांगायला डॉक्टर नको होता.

आमच्याकडे मोतीबिंदू काढत नाहीत, पिकवतात. आंब्यासारखा. कच्चा काढला की डोळा जातो, असं ठाम मत. आबांनी कुणाकुणाची उदाहरणं दिली, अमक्याने कच्चा काढला आणि त्याचा डोळाच बसला, तमक्याने पिकू दिला आणि तो अजून सुईत दोरा ओवतो. फोनवर भाऊही तेच म्हणाला, "पिकू दे की. वयानं होतंच. तू उगाच घाई करतीस." तो कंपनीत संगणकावर काम करतो, पण डोळ्याच्या बाबतीत तोही आंब्याच्याच अढीत.

एसटी स्टँडच्या पायरीवरून आबा पडले तेव्हा मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. गुडघा फुटला होता आणि तरी म्हणत होते, "पायरी नवी केलीया त्यांनी." ती पायरी माझ्या जन्माआधीची होती. मी भावाशी भांडले, शेजाऱ्यांशी भांडले, आणि आबांशी तर अबोलाच धरला. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "ने बाई कुटं न्यायचं तितं."

काळजी होतीच. पण मनात दुसरंही एक होतं. मला वाटायचं, हे माणूस अर्ध्यामुर्ध्या डोळ्यांनी एवढं बघतं, तर पुऱ्या डोळ्यांनी काय बघेल! माझी चित्रं त्यांना अजून नीट दिसलेलीच नाहीत. दिसली की मग बोलतील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ऑपरेशन पुण्याला झालं. एका वेळी एकच डोळा, आधी उजवा, डावा नंतर. डॉक्टर तरुण होते. तपासताना म्हणाले, "आजोबा, फार उशीर केलात. इतकी वर्षं काय बघत होता?" आबा म्हणाले, "जेवडं दिसत हुतं तेवडं." सगळे हसले, मीही हसले.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, काळा चष्मा दिला आणि आम्ही भाड्याची गाडी करून परत निघालो. आबा चष्म्याच्या वरून बाहेर बघत होते. कामथडी आली तशी त्यांनी पाट्या मोठ्याने वाचायला सुरुवात केली. रसवंती, पंक्चर, शुद्ध शाकाहारी, बांधकाम साहित्य. प्रत्येक पाटीला शिवी. "ह्याचा 'ण' बघ, पोट फुगलंय. ह्यो काय लाल रंग हाय का? आन ह्याला मात्रा कुनी द्यायची?" गाडीवाला हसून बेजार झाला. कापूरहोळला वळल्यावर एका जुन्या पत्र्याच्या पाटीशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. त्यांच्या हातची होती. खाली उतरून, दोन्ही हात कमरेवर ठेवून ते तिच्याकडे बघत राहिले. "रेघ बघ," ते म्हणाले. "उनापावसात ऱ्हाऊन रेघ बघ." त्या दिवशी मी इतकी सुखात होते की मला गाडीतून उतरून नाचावंसं वाटत होतं.

त्या हिवाळ्यातलं मोठं चित्र मी त्यांच्या कॉटच्या समोरच्या भिंतीवर टांगून ठेवलं होतं. माझं सगळ्यांत चांगलं. अख्खा जानेवारी त्याच्यात गेला होता. धुक्यातून वर येणारं ऊन, वितळलेला डोंगर, झालर सुटलेला खांब, सगळं त्यात होतं. आबांना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांना कॉटवर बसवलं आणि मुद्दाम चहा करायला आत गेले, म्हणजे त्यांना एकट्याने बघता येईल.

चहा घेऊन आले तर ते चित्राकडेच बघत होते. मी पेली हातात दिली. त्यांनी एक घोट घेतला.

"पुरं कवा करनार हाईस?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं चेष्टा करतायत. पण आबा कामाची चेष्टा कधी करत नाहीत.

"झालंय ते, आबा."

त्यांनी चष्मा काढला. मी "डॉक्टरांनी नको सांगितलंय" म्हणेपर्यंत ते उठून चित्राला नाक लावून उभे राहिले होते. बोट फिरवत म्हणाले, "मग काठ कुटंय? पानी कुटं संपलं, माती कुटं लागली? आन ह्यो काय, खांब हाय का भूत हाय?"

"तुम्हीच म्हणाला होतात," मी म्हटलं. "खांबाला झालर सुटलीय म्हणून."

"आगं, ते मोतीबिंदूनं दिसायचं!" आबा मोठ्याने हसले. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. आजारातून उठलेलं माणूस आजारातल्या बडबडीला हसतं तसं ते हसत होते.

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "आणि आधीची चित्रं? 'असंच दिसतं' म्हणायचात ती?"

ते कॉटवर बसले. विचार करून, नीट सांगायला लागले. "आता आसं बघ. मला पानी बी तसंच दिसायचं न तुजं चित्र बी तसंच. मला वाटायचं, तू समदं रेघंन रेघ काढलंयस, माज्याच डोळ्याला गावत न्हाई. माज्या हाताखाली शिकल्याली पोर, तिची रेघ चुकंल कशी? म्हनून म्हनायचो लई भारी. खोटं न्हाई बोललो म्या."

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. लेकीचं मन राखायला बाप खोटं बोलला, असं म्हणून मी ते पचवलं असतं, चार दिवस फुरंगटून बसले असते. पण आबांनी कौतुक केलं होतं ते मनापासून, फक्त मी काढलेल्या चित्राचं नाही. त्यांनी कौतुक केलं होतं त्यांच्या डोक्यातल्या एका चित्राचं, ज्याच्यात काठ होता, खांबाला कडा होत्या आणि गवताचं पातं न पातं मोजून घेता येत होतं. तसलं चित्र मी कधी काढलंच नव्हतं. आणि जे काढलं होतं ते त्यांच्या दुखण्याचं होतं. दोन-तीन हिवाळे मी त्यांच्या मोतीबिंदूची हुबेहूब चित्रं काढत होते आणि स्वतःला शैली सापडली म्हणत होते.

"चहा गार झाला," ते म्हणाले. मी पेली उचलली आणि आत गेले.

पुढच्या आठवड्यात शाळेचं स्नेहसंमेलन होतं, पुठ्ठ्याचा किल्ला माझ्या गळ्यात. एका संध्याकाळी घरी परतले तर दारात चपलाच चपला. शेजारच्या बायका, कोपऱ्यावरचा चहावाला, सगळे आत. मला वाटलं आबांना काही झालं. धावत आत गेले.

आबांना काही झालं नव्हतं. माळ्यावरची पेटी खाली आली होती. चित्र भिंतीवरून उतरवून खुर्चीला टेकवलं होतं आणि आबा काळ्या ऑइल पेंटमध्ये बारीक ब्रश बुडवून शेवटचा हात मारत होते. डोंगराला काळी कड आली होती. पाण्याला काठ आला होता. विजेच्या खांबाला चिनी मातीच्या वाट्या आल्या होत्या, तारा आल्या होत्या, आणि पाण्यात तोच खांब उलटा, वाट्यांसकट, तारांसकट. जिथे मी ऊन नुसतं ठेवलं होतं तिथे सारख्या अंतरावर सारख्या लाटा होत्या. गवताचं प्रत्येक पातं वेगळं झालं होतं. आणि हात कुठे कापला नव्हता. इतक्या वर्षांनी पेटी उघडूनही रेघ अशी होती की जणू दोरी धरून मारलेली.

"आता बघ," आबा म्हणाले. "आता कुनाला बी कळंल, पानी हाय म्हनून."

"आता कसं चित्रावानी दिसतंय," शेजारची म्हणाली.

चहावाल्याने मोबाईल पुढे केला. भाऊ व्हिडिओवर होता. "ताई, बघितलंस का? आबांनी जीव आणला बघ त्यात!"

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी ओरडले. मला वाटतं मी फार मोठ्याने ओरडले, कारण बायका पदर सावरत चपला शोधायला लागल्या आणि चहावाल्याने भावाला खिशात टाकलं. आबा ब्रश हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उमजल्याचा भाव आला.

"थेंब टाकलेत," ते म्हणाले. "येळच्या येळी टाकलेत. वाकलो बी न्हाई लई."

त्यांना वाटलं मी डोळ्याच्या काळजीने ओरडतेय. काय बोलायचं अशा माणसाला? शिव्या द्याव्यात तर ते माझ्यासाठीच खपले होते. मी नुसती मोरीपाशी गेले आणि किल्ल्याचा रंग लागलेले हात धुतले. मनात मात्र चांगल्या कचकचीत शिव्या दिल्या. डॉक्टरला दिल्या, त्या नव्या भिंगाला दिल्या, दुकानांच्या पाट्यांना दिल्या. आबांनाही दिल्या.

जेवताना ते खुशीत होते. भाकरी मोडत म्हणाले, "बाकीची बी आन उद्या. ती समदी तशीच अर्धी ऱ्हायली असत्याल. डोळं हाईत तवर पुरी करून टाकतो."

"विकली," मी म्हटलं.

"समदी?"

"सगळी."

"आशीच? अर्धी?" त्यांचा घास हातातच राहिला. "आन घेतली लोकांनी?"

"घेतली."

"मग त्यास्नी बी मोतीबिंदूच असंल," आबा म्हणाले आणि आमटी ओरपली. दुसऱ्या दिवशी ते दुपारी झोपलेले असताना मी आतल्या खोलीतल्या माझ्या कॉटखालची सगळी चित्रं दोन खेपांत शाळेत नेली आणि मोडक्या बाकांच्या मागे ठेवली. तिथे कुणी जात नाही. एक चित्रही विकलं गेलेलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

थंडी सरायच्या आत मी परत पाण्यावर जायला लागले, आणि आबा अर्थात बरोबर आले. करंजाखाली पोतं, डोक्याला कानटोपी, सगळं पहिल्यासारखं. फक्त आता ते मोजायचे. "पल्याडच्या काठाला शेळ्या हाईत. काळ्या चार, एक बांडी. खांबावर नंबर टाकलाय बघ. त्यो दगड हाय न्हवं, त्याच्यावर पान्याच्या रेघा हाईत, एकाखाली एक, पानी उतरल्याच्या." सगळं खरं होतं. ऊन यायचं, धुक्यातून वर जायचं, आणि मला पाण्यात झालर दिसायची नाही, चुरा दिसायचा नाही. दिसायच्या त्या शेळ्या. मी ब्रश कॅनव्हासला लावायची आणि काढून घ्यायची. उजेड पांढरा झाला की सामान आवरायची. असं किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. रिकामा कॅनव्हास स्कूटरवरून नेताना वाऱ्याने थरथरायचा तेवढं लक्षात आहे.

त्यांचा डावा डोळा अजून तसाच होता. एके दिवशी उजेड नुकता पाण्यात उतरत होता आणि मला राहवेना. मी ब्रश खाली ठेवून त्यांच्याजवळ गेले.

"आबा, तो नवा डोळा झाका जरा."

"का?"

"झाका तर. हाताने. आणि ह्या डोळ्याने पाण्याकडे बघा."

त्यांनी कानटोपी सरकवली, तळहात उजव्या डोळ्यावर धरला आणि पाण्याकडे तोंड केलं. डावा डोळा दुधाळ, ओला. समोर खांब होता, डोंगर होता, सगळं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या एका डोळ्याशिवाय माझं चित्र कळणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"तुजी चित्रं," आबा म्हणाले.

आणि त्यांनी हात झटकन काढला. दोन-चारदा पापण्या मिटून उघडून, शेळ्या जागच्या जागी आहेत ना ते बघून घेतलं.

"लई वंगाळ," ते म्हणाले. "कसं काडलं दिस आसल्यात, द्येव जानं. ह्यो बी काडून टाकू लवकर. उद्याच फोन करून तारीक घे."

मी तारीख घेतली.